ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कारखाना सौर-पवन विजेवर नेताना

रबाळे, महापे किंवा तुर्भ्याच्या मोठ्या कारखान्याकडे सोलरचा प्रस्ताव आला की पहिल्या पानावर एकच आकडा ठळक असतो: वर्षाला इतके लाख युनिट. तो आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते आपली वीज दिवसाच्या कोणत्या वेळी जाते. मेगावॅट किती घ्यायचे, सौर घ्यायचे की पवन, हे त्यावरच ठरतं.

महावितरणच्या मीटरचा 15 मिनिटांचा लोड सर्व्हे (दर 15 मिनिटांच्या वापराची नोंद) मागवा, पूर्ण 12 महिन्यांचा. दिवसाला 96 नोंदी येतात. त्यातून तीन आलेख काढा: मे महिन्यातला कामाचा दिवस, जुलैतला कामाचा दिवस आणि साप्ताहिक सुट्टीचा दिवस. सुट्टीचा आलेख फार बोलका असतो. उत्पादन बंद असूनही भार चौथाईवर राहत असेल, तर कॉम्प्रेस्ड एअर गळतेय किंवा चिलर उगाच चालतोय. 7 बारच्या लाइनला 3 मिलिमीटरचं एक भोक असलं तरी कॉम्प्रेसरचे साधारण 3 ते 4 किलोवॅट तिथेच जातात. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून कॉम्प्रेसर एकटा चालवा आणि त्याचा लोड-अनलोड (हवा भरण्याचा आणि रिकामं फिरण्याचा) वेळ मोजा. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या तेवढा हिस्सा गळती. गळती बुजवायच्या आधी सोलर घेतलं, तर त्या भोकासाठीही पॅनेल विकत घ्यावे लागतात.

आता छत. 10,000 चौरस मीटरच्या पत्रा शेडवर व्हेंटिलेटर, स्कायलाइट आणि चालायच्या वाटा सोडून फार तर 1 मेगावॅट बसतं. आपल्या भागात 1 किलोवॅट पॅनेलमागे वर्षाला सुमारे 1,400 युनिट धरा, म्हणजे 14 लाख. महिन्याला 10 लाख युनिट लागणाऱ्या कारखान्याची ही जेमतेम 12 टक्के गरज. तरीही छत आधी भरावं, कारण या विजेला ना वहन आकार (तारा वापरल्याचं भाडं), ना पारेषण हानी (वाटेत वाया जाणारी वीज). पॅनेल आणि ढाच्याचं वजन चौरस मीटरमागे 12 ते 15 किलो येतं. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते आधी बदला आणि ट्रसची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. वाऱ्याचा हिशोब मुंबईसाठीच्या 44 मीटर प्रति सेकंद या मूळ वेगावर झालाय का, ते विचारा. खाडीकडून येणारी खारट हवा क्लॅम्प आणि नटबोल्ट खाते. पोलादी ढाचा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच हवा. अ‍ॅल्युमिनियमची रेल आणि पोलाद जिथे टेकतात तिथे मध्ये रबरी पॅड हवा, नाहीतर दोन धातूंच्या सांध्यातच गंज धरतो.

सोलर सुरू झालं की बिलात एक गोष्ट हमखास बिघडते, आणि तिची पूर्वसूचना फार थोडे ठेकेदार देतात. राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर होतं, म्हणजे प्रत्यक्ष कामाची वीज आणि मोटर-ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह वीज, दोन्ही धरून. समजा दुपारचा भार 1,400 किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर (एकूण केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाचा हिस्सा) 0.95. म्हणजे 460 केव्हीएआर रिअ‍ॅक्टिव्ह भार आहे. सोलरने 800 किलोवॅट दिले, ग्रिडमधून 600 च घेतले. पण 460 केव्हीएआर तसेच ग्रिडमधून येत राहतात. ग्रिडकडचा पॉवर फॅक्टर 0.79 वर येतो, आणि 1,474 केव्हीएचे 756 होतात. सोलरने तासाला 800 युनिट दिले, बिलातून मात्र 718 च गेले. हा रिअ‍ॅक्टिव्ह भार जागेवरच पुरवणं हे कपॅसिटर पॅनेलचं काम, आणि बहुतेक वेळा दोष त्याच्या सीटीचा (करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा) असतो. तो सोलरच्या जोडणीनंतर, भाराच्या बाजूला असेल, तर कपॅसिटर चालू-बंद करणाऱ्या रिलेला 0.95 च दिसतो आणि तो काहीच करत नाही. सीटी मुख्य इनकमरवर (ग्रिडची वीज आत येते तिथे) न्या, कपॅसिटरच्या पायऱ्या लहान करा, आणि इन्व्हर्टरमधून रिअ‍ॅक्टिव्ह पुरवठा घेता येतो का ते पाहा. सुट्टीच्या दिवशी वीज उलटी जाऊ नये म्हणून झीरो-एक्स्पोर्ट कंट्रोलर लागेल, शिवाय वीज गेल्यावर डिझेल जनरेटरवर त्याच्या क्षमतेच्या 30 टक्के तरी भार राहील अशी सोलरवर मर्यादा.

उरलेली वीज ओपन अ‍ॅक्सेसने बाहेरून आणायची, म्हणजे दूरच्या उत्पादकाची वीज ग्रिडच्या तारांवरून घ्यायची. 2022 च्या हरित ऊर्जा नियमांनी त्याची किमान मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली. इथे पुन्हा 96 नोंदींकडे या. महिन्याला 10 लाख युनिट म्हणजे तीन पाळ्यांत सरासरी 1,400 किलोवॅट. दुपारी छतानेच 800 दिले, तर बाहेरच्या सौर विजेला 600 किलोवॅटचीच जागा उरते. सोलापूरकडे 3 मेगावॅटचा प्रकल्प बांधून घेतला, तर दुपारचं जास्तीचं उत्पादन बँकिंगमध्ये, म्हणजे वीज कंपनीकडच्या जमा खात्यात, जाईल. ते पुढच्या महिन्यात नेता येत नाही आणि दुपारी जमा केलेलं संध्याकाळच्या महाग तासांत उचलता येत नाही. म्हणून इथे पवन हवंच. साताऱ्याच्या पठारावर वारा जून ते ऑगस्टमध्ये जोरात असतो, नेमकं तेव्हाच आपल्या छतावरचं उत्पादन एप्रिलच्या जवळपास निम्म्यावर येतं. शिवाय वारा रात्रीही वाहतो.

ग्रुप कॅप्टिव्हमध्ये, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून मालकी घेतलेल्या वीज प्रकल्पात, क्रॉस सबसिडी अधिभार (महावितरणऐवजी बाहेरून वीज घेतल्याबद्दलचा आकार) लागत नाही, आणि डिसेंबर 2021 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अतिरिक्त अधिभारही नाही. अट अशी, की भागीदारांकडे मिळून किमान 26 टक्के मालकी हवी, वर्षाच्या उत्पादनाचा 51 टक्के वापर हवा आणि प्रत्येकाचा वापर त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात, 10 टक्के कमी-जास्त. एखादा भागीदार सहा महिने बंद पडला तर हे गणित वर्षअखेरीला मोडतं, आणि अधिभार सगळ्या वर्षाचा लागतो. त्याची भरपाई कोण करणार, हे करारात लिहून घ्या. दरही प्रकल्पाच्या फाटकावरचा नको, हानी आणि सगळे आकार धरून आपल्या मीटरवर पडणारा मागा.

प्रकल्प आणि कारखाना, दोन्ही टोकांना स्पेशल एनर्जी मीटर लागतात. त्यांचा 15 मिनिटांचा हिशोब राज्याच्या ग्रिडचं नियंत्रण करणाऱ्या ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रापर्यंत जातो. बिल आलं की त्यातले जमा युनिट या नोंदींशी टीओडीच्या (दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराच्या) प्रत्येक टप्प्यानुसार ताडून बघा, आणि तफावत दिसली तर त्याच महिन्यात लेखी कळवा.