लढाऊ विमानाचं किट पारखायचं कसं

माझं रोजचं काम प्लास्टिकच्या साच्यांचं. साचा उघडला की पहिला नग उजेडाला तिरका धरून बघायचा, ही टूलरूमची सवय मी घरी जोडायच्या प्लास्टिकच्या विमान-मॉडेलच्या किटलाही लावतो. खोक्यावरचं चित्र आणि भागांची संख्या यांकडे मी शेवटी वळतो. आधी प्रश्न एकच: यातला कोणता दोष मला माझ्या टेबलावर दुरुस्त करता येईल आणि कोणता नाही? पुसट रेघ पुन्हा कोरता येते, खळगा पुट्टीने भरतो. धडाचा आकारच चुकला असेल किंवा कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच, धूसर असेल, तर मात्र हातात फारसं काही उरत नाही. तपासणीचा क्रम त्यावरूनच ठरवा.

सगळ्यात आधी साचा कधीचा आहे ते शोधा. पोलादी साचा नीट सांभाळला तर दशकानुदशकं चालतो, आणि तोच माल नव्या खोक्यात, नव्या डिकल्ससह (विमानावर चिकटवायच्या छापील खुणांसह), कधी दुसऱ्याच कंपनीच्या नावाने पुन्हा येतो. तामिया या कंपनीच्या १/७२ मालिकेतल्या (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या मापाच्या) काही किटांमध्ये इतालेरी या दुसऱ्या कंपनीचे साचे आहेत. यात फसवणूक काही नाही, पण खोक्यावरच्या नावावरून दर्जा ठरवू नये. स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटची वंशावळ बघता येते. पंखाच्या आतल्या बाजूला किंवा स्प्रूच्या, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, पट्टीवर कोरलेलं सालही पुष्कळदा खरं काय ते सांगतं.

मग पट्टी आणि कॅलिपर घ्या. स्पिटफायरच्या नेहमीच्या लंबगोल पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. म्हणजे १/७२ मध्ये सुमारे १५६ मिमी आणि १/४८ मध्ये २३४ मिमी यायला हवेत. एखाद-दुसरा मिलिमीटर मी सोडून देतो, पाच-सहा मिलिमीटर सोडत नाही. २०१४ साली एका नामांकित कंपनीचं १/४८ मापाचं मेसरश्मिट १०९जी-६ प्रमाणापेक्षा मोठं निघालं, आणि पुढे कंपनीला ते नव्या साच्यांतून पुन्हा काढावं लागलं. त्याच्या पृष्ठभागाचं काम सुरेख होतं, तरीही.

लांबी-रुंदी जुळली म्हणजे आकार जुळला असं नाही. प्रत्येक विमानाच्या दोन-तीन जागा अशा असतात की तिथे किटचा कस लागतो. एफ-४ फँटममध्ये पंखांची बाहेरची टोकं १२ अंश वर उचललेली आणि मागचे आडवे पंख २३ अंश खाली झुकलेले असतात. हे कोन ढिले पडले की फँटमचा तोराच जातो. स्पिटफायर उलटं करून बघा. पंखाचा खालचा भाग धडाला मिळतो तिथे एक ठळक बाक असतो, आणि कच्च्या किटमध्ये ती जागा सपाट निघते. आवृत्तीही तिथेच कळते. मार्क ५ च्या एका पंखाखाली रेडिएटर आणि दुसऱ्याखाली लहान गोल ऑइल कूलर, तर मार्क ९ ला दोन्हीकडे सारखे मोठे रेडिएटर. तुलनेसाठी रेखाचित्रांपेक्षा लांबून, बरोबर बाजूने घेतलेले फोटो जास्त विश्वासाचे. रेखाचित्र काढणाराही चुकतो, आणि जवळून घेतलेल्या फोटोत नाक फुगतं.

आता साचा वाचायचा, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच काम. भागाच्या कडेला पातळ पापुद्रा दिसला तर तो फ्लॅश. साच्याचे दोन अर्धे घट्ट मिटत नाहीत, बहुधा झीज झालेली आहे. ब्लेडने तो निघतो, पण अँटेना, बंदुकीची नळी, चाकांचे दांडे अशा बारीक भागांवर तो आला की भागच वेडावाकडा होतो. गोल दांड्यावर जोडरेषेच्या दोन्ही बाजूंना पायरी लागत असेल तर अर्धे सरकलेले आहेत. घासून दांडा पुन्हा गोल करायला गेलात तर तो बारीक होतो, म्हणून हा दोष फ्लॅशपेक्षा वाईट. जिथे आत खुंटी किंवा जाड बरगडी असते तिथे बाहेर उथळ खळगा पडतो, कारण जाड प्लास्टिक सावकाश थंड होतं आणि आक्रसतं. बोटाला तो कळत नाही, तिरक्या उजेडात दिसतो. भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे प्रत्येक किटमध्ये असणारच. ते कुठे आहेत एवढंच बघायचं. धडाच्या आत असले तर दुर्लक्ष करा. चाकांच्या दारांच्या आतल्या बाजूला, बरगड्यांच्या मधोमध असले, तर साचा आखणाऱ्याने विचार कमी केला असं समजा.

पॅनल लाइनचंही, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या रेघांचंही, तसंच. धडाच्या कुशीवर रेघा स्पष्ट आणि पाठीवर, पोटावर पुसट होत गेलेल्या दिसतात, कारण साचा सरळ उघडतो आणि त्या उतारावर खोल रेघ ठेवली तर भाग अडकतो. चांगल्या किटमध्ये सरकते साचे वापरून किंवा पाठीचा तुकडा वेगळा काढून ही अडचण सोडवलेली असते. पाठीवरची रेघ बघा, तिथे कंपनीने किती खर्च केलाय ते कळतं. रुंदीचा हिशेब सोपा आहे: १/७२ मध्ये ०.३ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ २२ मिमीची फट. पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड असेल तर ती खऱ्यात सात सेंटिमीटर झाली! रिव्हेट भरपूर असले म्हणून भुलू नका. स्पिटफायरच्या पंखाच्या पुढच्या कडेलगतचे रिव्हेट तर भरून, घासून गुळगुळीत केलेले असत. रडरचं, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूचं, कापडही डोप नावाचा लेप लावून ताणलेलं असे, त्यामुळे फासळ्यांमध्ये खोल झोळ दिसला तर ते नक्षीकाम आहे, विमान नव्हे. याउलट रेघा उठावाच्या असलेलं, पण आकाराने अचूक असं जुनं किट मी आनंदाने घेतो.

कॅनॉपी छापील मजकुरावर ठेवा. अक्षरं वाकडी-तिकडी दिसली तर काच जाड आहे किंवा प्रवाहाच्या रेषा राहिल्या आहेत. ओरखडा पॉलिशने जातो, आतला तडा किंवा धुरकटपणा जात नाही. चौकटीच्या कडा स्पष्ट हव्यात, नाहीतर मास्किंग करताना, म्हणजे रंग लागू नये म्हणून काच झाकताना, हात कुठे टेकवायचा तेच कळत नाही. पारदर्शक भाग वेगळ्या पिशवीत नसतील तर आणखी बारकाईने तपासा.

जुळणी कापल्याशिवाय पूर्ण कळत नाही, पण धडाचे मोठे अर्धे पुष्कळदा स्प्रूवर असतानाच जवळ धरून बघता येतात. वाकलेला पंख गरम पाण्याने सरळ होतो, त्याची काळजी नको. पंख आणि धड यांचा सांधा मात्र नीट बघा, कारण तिथे पुट्टी घासताना आजूबाजूच्या सगळ्या रेघा जातात. कमी नगांसाठी बनवलेल्या शॉर्ट-रन किटमध्ये जुळणीच्या खुंट्याच नसतात. त्या किटांना हा निकष लावू नका, त्यांचा आकार बघा.

डिकल्समध्ये रंग एकमेकांवर नीट बसले आहेत का, पांढरा रंग अपारदर्शक आहे का, इतकं पुरे. त्या बदलून दुसऱ्या मिळतात.

ही सगळी तपासणी एकही भाग न कापता करा. अर्धवट भरलेला किंवा तुटका भाग सापडला तर त्या स्प्रूचं अक्षर आणि भागाचा क्रमांक दिसेल असा फोटो काढून कंपनीला पाठवा. बऱ्याच कंपन्या बदली स्प्रू देतात, आणि भाग स्प्रूवरच असला की दोष साच्यातून आलाय हे त्यांना लगेच पटतं.