परसातील झाडे का दगावतात: बुंध्याशी होणाऱ्या या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने लावलेले हापूसचे कलम गेल्या उन्हाळ्यात वाळले, तेव्हा ते काढण्यासाठी मी कुदळ घेऊन गेलो होतो. पण कुदळीची गरजच पडली नाही. खोड दोन्ही हातांनी धरून जरा जोर लावताच सगळे झाड मुळांसकट वर आले. मुळे अजूनही रोपवाटिकेतल्या पिशवीच्याच आकारात होती. पिशवीच्या तळाशी ती जशी गोल फिरली होती तशीच, एकावर एक वेटोळी घालून बसलेली होती आणि त्यांतल्या करंगळीएवढ्या जाड मुळाने खोडालाच विळखा घातला होता. पिशवी मी काढली होती, परंतु वेटोळी सोडवली नव्हती. तीन वर्षे मी त्या झाडाची पाने पाहून खते बदलत राहिलो, फवारण्या करत राहिलो, आणि दोष मात्र पहिल्या दिवसापासून मातीखाली वीतभर अंतरावर होता.

तेव्हापासून कोणी आजारी झाड दाखवले, तर मी आधी खाली वाकून बुंधा पाहतो. परसातील झाडांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ खोड जिथे मातीत शिरते त्या जागेत असते आणि ती चूक बहुधा लागवडीच्या दिवशीच झालेली असते.

रोप खड्ड्यात ठेवण्यापूर्वी पिशवी धारदार पात्याने उभी चिरून पूर्ण काढावी. ‘तळ कापला की पुरे, बाकी पिशवी कुजेल’ असे सांगणारे भेटतात, पण प्लॅस्टिक कुजत नाही. मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू द्यायची नाही हे खरे असले, तरी हुंडीच्या बाहेरच्या अंगाला गोल फिरलेली मुळे दिसत असतील, तर ती बोटांनी हलकेच मोकळी करावीत आणि तळाशी गुंतलेला गुंडा कात्रीने कापून टाकावा. त्यामुळे झाडाला थोडे दिवस ताण बसतो, पण कापलेल्या जागेतून नवी मुळे बाहेरच्या दिशेने निघतात. खरेदी करतानाच लहान पिशवीतले फार उंच, फार दिवस ठेवलेले रोप टाळावे. डोळ्यांना ते भरदार दिसते, परंतु त्याची मुळे आत गुंतलेली असण्याचा संभव अधिक असतो.

रोप किती खोल लावावे, याविषयी साधा नियम असा की पिशवीत मातीची जी पातळी होती, तीच जमिनीत राहावी. झाड भक्कम उभे राहावे म्हणून अनेक जण ते चार बोटे अधिक खोल लावतात, वर पुन्हा मातीची भर देतात आणि कलमाचा जोड मातीखाली जातो. सतत ओलसर राहिलेली खोडाची साल मऊ पडते, कुजते आणि वरची पाने हळूहळू निस्तेज होतात. पुष्कळदा लावताना पातळी बरोबर असते, पण खड्ड्यातली भुसभुशीत माती आणि शेणखत पहिल्या मोठ्या पावसात खचते आणि झाड आपसूक खाली जाते. म्हणून उन्हाळ्यात खणून तापू दिलेला खड्डा भरताना माती जमिनीच्या थोडी वर येईल अशी भरावी, पाणी देऊन किंवा एक-दोन पाऊस पडू देऊन ती बसू द्यावी आणि मगच रोप लावावे. आंब्यासाठी साधारणपणे १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेण्याची शिफारस असते. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलेच घालावे. कच्च्या शेणात मुळे खाणारी हुमणी अळी वाढते आणि अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्याला वाळवी लागते.

या नियमाला ठळक अपवाद नारळाचा आहे. नारळाचे रोप खड्ड्यात मुद्दाम खाली लावतात आणि ते वाढेल तशी टप्प्याटप्प्याने माती भरतात, कारण नारळाच्या बुडाशी नवी मुळे फुटत राहतात. नारळाचे पाहून आंब्याला, चिकूला किंवा लिंबाला तशीच भर घालणे ही घातक चूक आहे. हीच गोष्ट पाराची. वडाला पार बांधलेला आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत आणि वडाला तो सोसतो, कारण त्याच्या खोडाफांद्यांनाही मुळे फुटतात. अंगणातल्या आंब्याभोवती मात्र हौसेने पार बांधून आत दोन फूट माती भरली, की काही वर्षांत शेंड्याकडून फांद्या वाळू लागतात आणि घरच्यांना कारण उमगत नाही. बुंध्यालगतपर्यंत फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवणेही तितकेच वाईट आहे, कारण मुळांना हवा लागते, हे आपण विसरतो.

पाण्याबाबतच्या चुका जमिनीनुसार बदलतात. देशावरच्या काळ्या जमिनीत गुळगुळीत भिंतींचा खड्डा हा हौदासारखा वागतो: पाणी साठते, मुरत नाही. अशा ठिकाणी खड्ड्याच्या भिंती खरवडून घ्याव्यात आणि रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. कोकणात जांभ्यात खोदलेल्या खड्ड्याचीही तीच गत होते, म्हणून उताराच्या बाजूने पाणी निघून जाण्यासाठी चर ठेवावा. कोमेजलेले झाड पाहून लगेच पाणी घालणे ही तर सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. पाणी कमी पडलेले झाड आणि पाण्याने गुदमरलेले झाड, दोन्ही सारखीच माना टाकतात. वीतभर खोलीवरची मूठभर माती काढून तिचा गोळा करून पाहावा. गोळा होत असेल आणि खाली टाकताच फुटत असेल, तर जमीन वाफशावर आहे आणि पाण्याची गरज नाही. गोळा चिकट राहत असेल, आंबूस वास येत असेल, तर पाणी तोडावे. गोळाच होत नसेल, तरच पाणी द्यावे.

शिवाय पाणी कोठे द्यायचे, याकडेही लक्ष हवे. पहिल्या वर्षी बुंध्याजवळ केलेले हातभर आळे पाचव्या वर्षीही तसेच असते आणि पाणी, खत सगळे तिथेच पडते. अन्न घेणारी बारीक मुळे मात्र तोवर बाहेर गेलेली असतात. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथवर पडते, तिथपर्यंत आळे दरवर्षी रुंद करावे आणि खत सावलीच्या कडेने चरात घालावे. लिंबाला तर दुहेरी आळे करावे, म्हणजे बुंध्याभोवती मातीची आतली बांगडी आणि तिच्या बाहेर पाण्याचे आळे. लिंबाच्या खोडाला पाणी सतत लागत राहिले, की बुंध्याची साल तडकते, त्यातून डिंक गळतो आणि झाड खचत जाते. या रोगाला डिंक्या म्हणतात. डिंक दिसताच सडलेली साल निरोगी भागापर्यंत खरवडून त्यावर बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना निरनिराळे भिजवून एकूण १० लिटर पाण्यात ती तयार करतात. घरगुती गरजेसाठी हेच प्रमाण १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर असे होते. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये, प्लॅस्टिकची बादली घ्यावी.

कलमी झाडांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. जोडाच्या खालून फुटलेला प्रत्येक फुटवा हा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या खालच्या रोपाचा असतो आणि तो जोमदार असल्यामुळे मालकाला आनंद होतो. चिकूचे कलम सहसा खिरणीच्या खुंटावर बांधलेले असते. एका स्नेह्यांच्या अंगणात ‘चिकू’ डोक्याच्या वर गेला होता, पण एकही फळ नव्हते. पाने हातात घेतली, तर ती लहान, जाड, गडद हिरवी आणि टोकाशी खाच असलेली होती. चिकूचे पान लांबट आणि टोकाकडे निमुळते असते. मूळ कलम केव्हाच मेले होते आणि त्यांनी इतकी वर्षे खिरणी सांभाळली होती. पहिली दोन-तीन वर्षे दर महिन्याला जोडाखाली पाहावे आणि फुटवा कोवळा असतानाच बोटाने खुडावा. त्याच वेळी जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी निघाली आहे ना आणि आधाराच्या काठीची दोरी खोडात रुतत नाही ना, हेही पाहावे. नायलॉनची दोरी दोन पावसाळ्यांत सालीत बुडते आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतात झाड नेमके तिथेच मोडते. त्याऐवजी सुतळी आठाच्या आकारात, सैल बांधावी.

कलमाला दुसऱ्याच वर्षी मोहोर येतो आणि तो खुडायला मन धजत नाही, हे मला मान्य आहे. तरीही पहिली तीन-चार वर्षे मोहोर काढून टाकावाच. कोवळ्या झाडाने फळे धरली, तर त्याची वाढ खुंटते. हापूसची कोय लावून हापूसची वाट पाहण्यातही अर्थ नाही, कारण कोयीपासून आलेले झाड मातृवृक्षासारखे असेलच असे नाही.

आता आजाराची लक्षणे. कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील आणि जमीन चुनखडीची असेल, तर लोहाची कमतरता समजावी; तिथे युरिया टाकून उपयोग नसतो. आंब्याच्या खोडाखाली लाकडाचा भुसा पडलेला दिसला, तर आत खोडकिडा आहे: छिद्रात तार घालून अळी काढावी, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारावा आणि चिखलाने तोंड लिंपावे. पेरू किंवा शेवग्याच्या सालीवर भुशाची जाळी दिसली, तर ती साल खाणारी अळी असते. जाळी झाडून काढून हाच उपाय करावा. झाड हलवताच बुंध्याशी डुगडुगत असेल, तर मुळांचा दोष धरून चालावे. खोड मातीत गाडले गेले असेल, तर भर हाताने अलगद काढून बुंधा उघडा करावा, आच्छादनाचा पाला बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावा आणि एक पावसाळा वाट पाहावी. पुष्कळ झाडे यातून सावरतात.

वेटोळी मुळे पहिल्या वर्षात लक्षात आली, तर पावसाच्या सुरुवातीला झाड उचलून, मुळे सोडवून पुन्हा लावता येते. त्यानंतर मात्र खोडाला आवळणारे एखादे मूळ दिसल्यास ते छाटण्यापलीकडे फारसे हाती राहत नाही आणि नवे रोप लावणेच बरे. मोठे झालेले झाड काढायची वेळ आली, तर शहरी भागात १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते, मग झाड स्वतःच्या अंगणातले का असेना.