शाळा सुटल्यावर येणारे परदेशी शिक्षक: गेटवर अडू नयेत म्हणून

गोव्यात दुपारी दीड-दोनला शाळा सुटते आणि जेवणं उरकली की त्याच इमारतीत दुसरी शाळा भरते. व्हायोलिन, फुटबॉल, पोर्तुगीज, नाटक. बार्देश-पेडण्याच्या किनारपट्टीला या दुसऱ्या शाळेत परदेशी शिक्षक पुष्कळ. त्यांचं वेळापत्रक आणि कागदपत्रं सांभाळणं हे माझं काम. या कामात नव्याने येणारे पहिला प्रश्न हमखास विचारतात, ‘सगळं ठरलेलं असताना शिक्षक गेटवर का अडतो?’

अडतो, कारण शाळेला दोनच प्रकारची माणसं ठाऊक असतात: कर्मचारी आणि पाहुणा. आपला शिक्षक आठवड्यातून दोनदा येतो, म्हणजे पाहुणा नव्हे. पगारपत्रकावर नाव नाही, म्हणजे कर्मचारीही नव्हे. पूर्वी मुख्याध्यापकांच्या ओळखीवर हे खपून जायचं. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या शाळेत एका मुलाचा खून झाला, तेव्हा सीबीएसईने सगळ्या कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचं परिपत्रक काढलं. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांनी तर कंत्राटी माणसं आणि क्रीडा अकादम्यासुद्धा या पडताळणीत आणल्या, तीही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करायची. तरी आमच्याकडे खरा फरक पडला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या प्रकरणानंतर. तिथे लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा आरोप शाळेतल्या कंत्राटी सफाई कामगारावर होता. त्यानंतरच्या पालकसभांत एकच विषय: बाहेरून कोण कोण येतं?

हा प्रश्न गोव्याला नवा नाही. मडगावात मुलांचा आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला मुलांच्या लैंगिक शोषणासाठी १९९१ मध्ये अटक झाली, १९९६ मध्ये जन्मठेप झाली, आणि त्या आश्रमात येणारे ‘पाहुणे’ परदेशी होते. राज्याचा स्वतंत्र बाल कायदा आला २००३ मध्ये. त्यामुळे एखादी आजी परदेशी शिक्षकाकडे बारीक नजरेने पाहते तेव्हा मला राग येत नाही. राग येतो तो नुसतं तोंड बघून केलेल्या तपासणीचा. एका शाळेत गोऱ्या संगीतशिक्षिकेला गेटवर खुर्ची मिळाली आणि त्याच आठवड्यात आफ्रिकेतून आलेल्या फुटबॉल कोचला उन्हात उभं ठेवलं. फाईल दोघांचीही पूर्ण होती. पाण्याचा पंप दुरुस्त करणारा मात्र ‘मी पंपवाला’ एवढं सांगून आत जात होता.

गेटवर काय होतं ते एकदा जवळून बघा. दुपारी साडेतीनला सकाळचा ओळखीचा वॉचमन घरी गेलेला असतो आणि एजन्सीचा दुसरा आलेला असतो. टेबलावर टॅबलेट. त्यात नाव भरायचं, आधार क्रमांक घालायचा, मोबाईलवर ओटीपी येणार. शिक्षिकेकडे आधार नाही आणि फोनमध्ये स्वतःच्या देशाचं सिम. क्रमांक दहा आकडी नसल्यामुळे टॅबलेट पुढे सरकतच नाही. वॉचमन मला फोन करतो, “मॅडम, लिस्टींत नांव ना.” यादी ऑफिसात असते आणि ऑफिस तीनला बंद झालेलं असतं. वर्गात पोरं व्हायोलिनच्या पेट्या उघडून बसलेली.

यावरचा उपाय अगदी साधा आहे: शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र, त्यावर शिक्का, वर्गाचे वार, वेळ आणि शेवटची तारीख. त्याची प्रत दुपारच्या वॉचमनकडे द्या, नुसती ऑफिसात ठेवू नका. आणि शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात भारतीय सिम घ्यायला लावा.

आता व्हिसा. इथे गोड बोलून काही होत नाही. टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन शिकवता येत नाही. ‘मानधन नको, जेवण आणि राहायला खोली द्या’ असं म्हणणारेही भेटतील, पण तोही मोबदलाच. ई-टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवी काम चालतं, तेही कसल्याही मोबदल्याशिवाय. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी साधारणपणे वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगाराची अट असते आणि शाळेनंतरच्या वर्गातून एवढे पैसे कोणालाच सुटत नाहीत. या अटीतून इंग्रजी सोडून इतर भाषांच्या शिक्षकांना सूट आहे, म्हणून पोर्तुगीज किंवा फ्रेंच शिकवणारा माणूस रीतसर आणता येतो. इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेणारा नाही. योगकेंद्राच्या नावावर एम्प्लॉयमेंट व्हिसा असलेली व्यक्तीही आपल्याकडे शिकवू शकत नाही, व्हिसा त्या मालकापुरताच असतो. पूर्वी या गोष्टी कोणी विचारत नव्हतं. आता शाळा पासपोर्टच्या पहिल्या पानाबरोबर व्हिसाच्या पानाची प्रतही मागते आणि ते योग्यच आहे, कारण उद्या प्रकरण निघालं तर उत्तर शाळेला द्यावं लागतं.

सगळ्यात सोपं काम ओसीआय कार्डवाल्यांचं, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांचं, असायला हवं आणि नेमकी तिथेच गोव्याची खास गंमत होते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. त्यामुळे म्हापशात वाढलेला, कोकणीत शिव्या देणारा, पावसाळ्यात आपल्याच वाड्यातल्या मैदानावर खेळलेला फुटबॉल कोच कागदावर परदेशी ठरतो. ओसीआय कार्ड असलं की त्याला वेगळा व्हिसा लागत नाही, एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणीही लागत नाही आणि नोकरी करता येते. पण गेटवर लाल पासपोर्ट दिसला की सगळे दचकतात. एका कोचला शाळेने एफआरआरओचा दाखला आणायला सांगितलं. असा दाखला त्याच्यासाठी मुळात अस्तित्वातच नव्हता, तरी तो शोधायला तो पणजीपर्यंत गेला. अशा वेळी ओसीआय म्हणजे काय हे मुख्याध्यापकांना लेखी कळवावं, तोंडी सांगितलेलं पुढच्या शिफ्टपर्यंत टिकत नाही.

पोलीस पडताळणीत दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि नवी माणसं त्या एकच समजतात. इथलं पोलीस स्टेशन सांगतं ते इथल्या वास्तव्याबद्दल. माणूस चार महिन्यांपूर्वी आला असेल तर त्यात काय दिसणार? म्हणून मूळ देशाचा पोलीस दाखला हवाच, अपॉस्टिल केलेला (म्हणजे परदेशात चालावा म्हणून त्या देशाच्या सरकारने प्रमाणित केलेला) आणि इंग्रजी भाषांतरासह. गेली काही वर्षं तो तिसऱ्याच देशात राहिला असेल तर तिथलाही. ब्रिटिश शिक्षकांना देशाबाहेर मुलांसोबत काम करण्यासाठी आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र म्हणून वेगळा दाखला मिळतो. साध्या पोलीस दाखल्याऐवजी तोच मागा.

इथली पडताळणी बहुतेक वेळा घरमालकापाशी अडते. परदेशी माणूस घरी उतरला की मालकाने ऑनलाइन माहिती भरायची असते, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. आसगाव-शिवोलीला भाड्याने खोल्या देणारे कितीतरी जण ती भरत नाहीत, कारण भाडं रोखीत घेतलेलं असतं. मग पोलीस स्टेशनात शिक्षकाच्या पत्त्याची नोंदच सापडत नाही. म्हणून शिक्षकाशी बोलणी करायच्या आधी मी त्याच्या घरमालकाशी बोलते. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओची नोंदणीही लागते. ती ऑनलाइन होते.

वेळेचं गणित मात्र जुळवावंच लागतं. परदेशी माणसं येतात दिवाळीच्या आसपास आणि उन्हाळा लागला की जातात. आल्यावर कागद काढायला बसलात तर डिसेंबर उजाडतो, नाताळच्या सुट्ट्या लागतात आणि पुढे परीक्षा. मूळ देशाचे दाखले गणेशचतुर्थीपर्यंत हातात पडायला हवेत. जो शिक्षक ऑगस्टमध्ये ईमेलला उत्तर देत नाही, तो नोव्हेंबरमध्ये वेळेवर वर्गाला येईल अशी आशा मी ठेवत नाही.

वर्गातल्या नियमांवर शिक्षकांची कुरकुर असते. दार उघडं ठेवा, एकट्या मुलाला शिकवू नका, शाळेचं एक माणूस जवळपास हवं, मुलांना थेट व्हॉट्सअ‍ॅप नको, फोटो-रील नको. व्हायोलिनच्या शिक्षकाला बोटं धरून दाखवावी लागतात, त्यामुळे ‘हात लावू नका’ असा सरसकट नियम करून चालत नाही. आम्ही पालकांना पहिल्या दिवशी बोलावून शिकवताना हात कुठे आणि का लावला जातो ते दाखवून घेतो. कॅमेरा असला तरी हे करावं. आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं, तर पॉक्सोखाली पोलिसांना कळवणं परदेशी शिक्षकालाही बंधनकारक आहे, हे त्याच्याकडून वाचून सही करून घ्या. त्याच्या देशातली पद्धत वेगळी असू शकते.

आता राहिले पैसे. मानधन तासावर ठरतं आणि गेटवर गेलेली वीस मिनिटं कोणाच्या हिशेबात धरायची यावरून भांडणं होतात. मी करारात लिहून घेते: ओळखपत्र असूनही शाळेने अडवलं तर तास पूर्ण धरायचा, ओळखपत्र घरी विसरलं तर नाही. हंगाम संपला की शेवटचं मानधन देण्याआधी ओळखपत्र परत घ्यायचं आणि दुपारच्या वॉचमनसमोर यादीतलं नाव खोडायचं.