आंबा विकायला साईट बनवताय? आधी फोनशेजारची वही उघडा

आमच्या भागातल्या छोट्या धंदेवाल्यांच्या साईट मी बनवतो, बागायतदार, होमस्टेवाले, घरगुती मसाले करणाऱ्या ताया असे सगळे, आणि दर जानेवारीत फोन सुरू होतात की आंबा यायच्या आत साईट करून द्या, एकदम मस्त दिसली पाहिजे. मस्त दिसायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण गिऱ्हाईक साईटवर येतं ते काहीतरी विचारायला येतं, आणि त्याला उत्तर सापडलं नाही तर तो निघून जातो, मग मागे कितीही सुंदर समुद्र हलत असू दे. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. उदाहरण हापूसचं घेतो कारण ते मला घरातलं आहे, मामांची देवगड तालुक्यात बाग आहे आणि त्यांची साईट मीच सांभाळतो. तुमचा धंदा पापड-लोणच्याचा असो नाहीतर सायकल रिपेरिंगचा, पद्धत हीच.

तर कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी वही घ्या. मागच्या सीझनला लोकांनी फोनवर काय काय विचारलं ते सगळं लिहून काढा, त्यांच्याच शब्दांत. आमच्या मामीकडे फोनशेजारी ऑर्डरची वही असते, ती घेऊन आम्ही दोघं एक संध्याकाळ बसलो, ती आठवून सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. भाव काय आहे, पेटीत किती डझन, फळ केवढं असतं, पुण्याला कधी पोचेल, अक्षय्य तृतीयेच्या आत मिळेल का, घरी आल्यावर किती दिवसात पिकेल, कार्बाईडचा नाही ना, आणि साका (म्हणजे वरून चांगलं फळ, पण आत गर पांढरट, स्पंजासारखा) निघाला तर काय करायचं. एवढे आठच प्रश्न, आलटून पालटून तेच. मग साईट म्हणजे दुसरं काय, या आठ प्रश्नांची उत्तरं याच क्रमाने वरून खाली. 'आमच्याविषयी' हे पान साईट करून घेणाऱ्यांना पहिलं हवं असतं, पण वहीत तो प्रश्न कुणीच विचारलेला नव्हता, म्हणून ते सगळ्यात खाली गेलं. आजोबांनी कलमं लावली ती गोष्ट छान आहे, ती असू दे, पण भावाच्या आधी नको.

आता पहिली स्क्रीन. मोबाईलची, लॅपटॉपची नव्हे, कारण ऑर्डर देणारा माणूस लोकलमध्ये नाहीतर ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवरच बघत असतो, आणि गूगलसुद्धा तुमच्या साईटचं मोबाईलवरचं रूपच तपासतं. बोट न फिरवता त्याला तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: बुकिंग चालू आहे का आणि पुढची गाडी कुठल्या वारी, आजचा भाव, आणि ऑर्डरचं बटण. बास. वर सरकणाऱ्या फोटोंचा स्लायडर सगळ्यांनाच हवा असतो, मी तो काढायलाच सांगतो, दुसऱ्या तिसऱ्या फोटोपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो आणि ते पाच फोटो लोड होईपर्यंत पान मात्र अडकून बसतं.

भाव लिहायचा की नाही यावर दरवर्षी वाद होतो. शेजारचा बघेल, वाशीच्या घाऊक बाजाराचा भाव रोज वरखाली होतो, फोन केला की सांगू, हे सगळं मी ऐकलंय. पण भाव न दिसणारी साईट बघून लोक फोन करत नाहीत, पुढच्या साईटवर जातात. भाव लिहा आणि शेजारी तारीख लिहा, 'आजचा भाव, १२ एप्रिल' असा. तारीख जुनी दिसली तर बंद दुकानासारखं वाटतं, त्यामुळे साईट बनवणाऱ्याला आधीच बजावून सांगा की भाव मला माझ्या फोनवरून दोन मिनिटांत बदलता आला पाहिजे आणि तो एकाच जागी बदलला की सगळीकडे बदलला पाहिजे. डिझाईनमधली ही सगळ्यात महत्त्वाची निवड आहे आणि ती रंग ठरवायच्या आधी करायची असते. आणि नुसतं 'पेटी' लिहू नका. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन बसतात, लहान असेल तर सहा-सात, आपल्याला हे पाठ असतं पण बंगळुरूत वाढलेल्या मुलीला पेटी म्हणजे किती आंबे ते कुठून माहीत असणार. डझन लिहा, एका फळाचं वजन ग्रॅममध्ये लिहा.

फोटो. नेटवरून उचललेला आंबा कृपया नको, तोच आंबा दहा साईटवर असतो आणि लोकांना कळतं. आम्ही सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पडवीत फोटो काढले, थेट ऊन नाही पण उजेड भरपूर. पहिला फोटो मामीच्या तळहातावर एक फळ, म्हणजे केवढं आहे ते न सांगता कळतं. दुसरा वरून, पेटी उघडी, पेंढ्यात रचलेली फळं. तिसरा कापलेल्या फोडीचा. चौथा तोच आंबा वजनकाट्यावर, आकडा वाचता येईल असा. हा चौथा फोटो टाकल्यावर 'फळ केवढं असतं' हा प्रश्न फोनवर जवळजवळ बंदच झाला, खरंच. फिल्टर लावू नका, फिल्टरने हापूस केशरी दिसतो आणि मग पेटी उघडल्यावर गिऱ्हाईक म्हणतं फोटोतला वेगळा होता.

आणि फोटो तसाच्या तसा चढवू नका. आजकालच्या फोनमधला एक फोटो चार-पाच एमबीचा सहज असतो, असे चार टाकले की गावच्या एका काडीच्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. स्क्वूश म्हणून गूगलचंच एक फुकट टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, त्यात फोटो टाकायचा, रुंदी १२०० पिक्सेल करायची, वेबपी फॉरमॅट निवडायचा, दोनशे केबीच्या आत येतो आणि डोळ्याला काही फरक दिसत नाही. नंतर पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्याच वेग तपासायच्या फुकट टूलवर साईटचा पत्ता टाकून मोबाईलचा रिपोर्ट बघा. त्यात बरंच काय काय येतं, तुम्ही दोनच आकडे बघा, एलसीपी म्हणजे पानावरची मोठी गोष्ट दिसायला लागलेला वेळ, तो अडीच सेकंदांच्या आत हवा, आणि सीएलएस ०.१ च्या आत, म्हणजे पान लोड होताना उड्या मारत नाही. ऑर्डरवर बोट ठेवायला जावं आणि तेवढ्यात वर फोटो येऊन बटण खाली सरकावं, हे झालंय ना तुमच्याबरोबर? फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये आधी दिलेली नसते म्हणून ते होतं, बनवणाऱ्याला तेवढं सांगा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, मराठी अक्षरं. मराठी साईट वाचायला जड जाते त्यात बऱ्याचदा मराठीचा काही दोष नसतो, इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये, म्हणजे साईटच्या तयार साच्यात, मराठी कोंबलेली असते. त्या थीममध्ये मोठ्या शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, इंग्रजीत ते झोकदार दिसतं, पण आपल्याकडे त्यानं शिरोरेषा तुटते. 'हापूस आंबा' असं लिहिलेलं असतं आणि दिसतं मात्र ह वेगळा, प वेगळा, वरची रेघ मधेमधे कापलेली, जुन्या पाटीचा रंग उडाल्यासारखी. ते अंतर शून्य करायला सांगा. दोन ओळींमधली जागा मात्र वाढवा, आपल्याला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात, अक्षराच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा कमी जागा ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो, मी १.७ पट ठेवतो. अक्षराचा आकार १६ पिक्सेलच्या खाली नकोच, मराठीला १८ बरा, ऑर्डर देणाऱ्यांत साठीच्या पुढचेही खूप असतात. फॉन्ट फुकट आणि चांगले आहेत, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्त' आणि 'बलू' घ्या, नाहीतर नोटो सान्स देवनागरी. कोडमध्ये पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. आणि छापखान्याकडून जुना मजकूर आणलात, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला, तर तो साईटवर सरळ चिकटवू नका, तिथे तो अगम्य चिन्हं होऊन बसेल आणि गूगललाही वाचता येणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या मराठीत, बदलून घ्या किंवा सरळ परत टाईप करा.

रंग. आंबा म्हटलं की पिवळा, पण पांढऱ्यावर पिवळी अक्षरं उन्हात फोन धरला की दिसतच नाहीत. पिवळा मागे ठेवा आणि अक्षरं गडद. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला गडद-फिक्याचा फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ ला १ असावा असा जगभर पाळला जाणारा नियम आहे, तो मोजायची टूल्स फुकट मिळतात.

ऑर्डरसाठी कार्ट वगैरे लागेलच असं नाही. दिवसाला दहा-वीस पेट्या जात असतील तर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण पुरतं, फक्त ते नीट करा. लिंक अशी असते: डब्ल्यूए डॉट एमई, स्लॅश, मग ९१ आणि पुढे तुमचा दहा आकडी नंबर, प्लस नाही, सुरुवातीचा शून्य नाही, मधे जागा नाही. त्यात मेसेज आधीच भरून ठेवता येतो, 'मला ___ डझन हवे आहेत, पिनकोड ___, कधीपर्यंत ___', त्यामुळे 'हाय' आणि 'भाव?' यात जाणारे अर्धे मेसेज वाचतात. साधा फोन नंबरही दाबता येईल असा ठेवा आणि +९१ लावून लिहा, मुलगा अमेरिकेत आणि आई-बाबा ठाण्यात, पेटी त्यांना पाठवायची, अशा ऑर्डरी आम्हाला दर सीझनला येतात.

पैशांबद्दल एक गोष्ट जी खूप साईटवर चुकते. नुसता क्यूआर कोड लावतात. अहो, माणूस साईट बघतोय त्याच फोनवर, तो स्वतःच्याच फोनचा कोड स्कॅन कसा करणार? कोडच्या खाली यूपीआय आयडी अक्षरांत लिहा, दाबला की कॉपी होईल असा. आणि पैसे पाठवताना स्क्रीनवर कुणाचं नाव येईल तेही लिहून टाका, कारण साईटवर बागेचं नाव आणि यूपीआयवर मामीचं, हे बघून लोक पैसे पाठवता पाठवता थांबतात.

विश्वास बसेल अशा गोष्टी शेवटी पण ठळक. पूर्ण पत्ता, नकाशा, आणि गूगल बिझनेस प्रोफाईलवर आहे तेच नाव, तोच नंबर. ऑनलाईन विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि परत घेण्याच्या अटी दाखवल्या पाहिजेत असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही आहे. आंबापोळी, कोकम सरबत असं काही सोबत विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, तुमची त्यात नोंदणी असेल तर ती सांगा, नसेल तर तो शिक्का लावू नका. आणि साक्याचं उत्तर स्पष्ट द्या. आम्ही लिहिलंय की कापलेल्या फळाचा फोटो दोन दिवसांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. मामांना आधी भीती वाटली होती की लोक फायदा घेतील, तसं काही झालं नाही.

साईटचं नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावावर घ्या, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. मामांची पहिली साईट ज्याने केली त्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं, मग त्याने धंदा बदलला, फोन उचलेना, आणि ऐन मार्चमध्ये मुदत संपून साईट बंद, खोक्यांवर मात्र तोच पत्ता छापलेला, त्या वर्षी मामी सगळ्या खोक्यांवर स्टिकर चिकटवत बसली होती. वर्षाला फार मोठ्या खर्चाची गोष्ट नाही, ऑटो रिन्यूअल लावा आणि पासवर्ड त्याच ऑर्डरच्या वहीत लिहून ठेवा.

जूनमध्ये आंबा संपला की साईट बंद करू नका आणि पुढच्या वर्षी नवीन पान बनवू नका, गूगल जुन्या पत्त्याला ओळखायला लागलेलं असतं. तेच पान ठेवा, भावाच्या जागी लिहा 'यंदाचा आंबा संपला, पुढच्या सीझनला कळवायचं का?' आणि खाली व्हॉट्सअ‍ॅपचं तेच बटण, फक्त आत मेसेज वेगळा: 'आंबा सुरू झाला की मला सांगा.' पावसाळ्यात जी नावं जमतात त्यांनाच मामी मार्चमध्ये पहिला मेसेज करते, आणि तेव्हा वहीचं नवीन पान सुरू होतं.