एका पायाची बैठक मारताय? आधी टाच बघा

लहानपणापासून तालमीत बैठका मारलेल्या, त्यामुळं खाली जाताना टाचा आपोआप उचलायची खोड लागलेली. दोन पायांवर ते चालतंय, तिथं बैठक तशीच मारतात. पण एका पायाची, म्हणजे ते पिस्टल स्क्वॉट, करायला गेलो तेव्हा हीच खोड नडली, टाच उचलली, सगळा भार चवड्यावर आला आणि गुडघ्याच्या वाटीखाली आठ दिवस ठणकत होतं.

त्यामुळं भावांनो, थेट पिस्टलच्या नादाला लागू नका. रंकाळ्यावर फिरायला जाताच की, तिथं गुडघ्याएवढा कट्टा नाहीतर बाकडं बघा. त्याच्याकडं पाठ करून उभं राहा, एक पाय जरा पुढं उचला, हात समोर, आणि ढुंगण मागं ढकलत मनात चार मोजत खाली जा. धप्पकन बसायचं नाही, नुसतं टेकायचं आणि त्याच पायानं उठायचं. जमेना तर अजून उंच कट्टा घ्या, लाज कसली त्यात.

टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ, तिन्ही जमिनीला चिकटून पाहिजेत. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. तो आत लचकत असला तर बऱ्याचदा कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कमी पडतोय, समोरून मोबाईलवर व्हिडिओ काढा म्हणजे लगेच कळतंय. गुडघा बोटांच्या पुढं गेला तर घाबरू नका, खोल बसताना जाणारच.

टाच उचलतीच आहे? मग घोटा आखडलाय का बघा. भिंतीपासून साधारण 10 सेंटीमीटरवर अंगठा ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला नाही तर आधी घोटा मोकळा करा, रोज हेच करत राहिलं तरी फरक पडतोय.

तोल जात असला तर पाण्याची लिटरची बाटली दोन्ही हातांनी समोर धरा, वजन वाढूनपण सोपं जातंय, खोटं वाटत असेल तर करून बघा. अनवाणी किंवा सपाट तळाचे बूट चालतील, नवी कोल्हापुरी घालून नको, तळ गुळगुळीत असतोय, सटकाल.

मांडी भरून आली तर ठीक, सांध्यात टोचलं की तिथंच थांबा, सूज आली तर डॉक्टरला दाखवा. एक दिवसाआड, पाच-पाचचे तीन सेट बास. कच्चा पाय पहिला, आणि पक्क्यानं तेवढ्याच मारायच्या. माझा डावा अजून चारावरच अडकलाय, म्हणून उजव्यालापण चारच.