मेमरी कार्ड मरायला टेकलंय? फोटो असे बाहेर काढा

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उड्या मारणाऱ्यांचे फोटो काढले, घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं आणि विंडोज म्हणतंय डिस्क फॉरमॅट करा, तर आधी कॅन्सल दाबा. चेकडिस्क पण चालवू नका, ते दुरुस्तीच्या नादात कार्डावरच लिहितं आणि असलेलंही बिघडवून ठेवतं.

कार्डावर एकही नवा फोटो काढायचा नाही. एसडी कार्डाच्या कडेला छोटं लॉक असतं ते खाली सरकवा, मायक्रोएसडी असेल तर ते अडॅप्टरवर असतं. कॅमेऱ्याची केबल नको, कार्ड रीडरच घ्या, कारण केबलने फक्त फायली दिसतात, अख्खं कार्ड वाचता येत नाही. एमजी रोडला कुठल्याही मोबाईलच्या दुकानात रीडर मिळेल, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा कार्ड ठीक असतं, रीडरच गंडलेला असतो.

आता मेन काम. बरेच जण इथेच घाई करतात आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट कार्डावर चालवतात, एक नाही जमलं की दुसरं, मग तिसरं, आणि दरवेळी ते बिचारं कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं जातं, तेवढ्यात ते पूर्ण मरतं. त्यापेक्षा एकदाच अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब कॉपी, काढा. उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, म्हणजे विंडोजऐवजी लॅपटॉप त्यावरून सुरू करता येतो, त्यात डीडीरेस्क्यू हे इमेज काढायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागा मागे ठेवून नंतर परत प्रयत्न करतं. कमांडमध्ये आधी कार्ड, मग इमेज फाइल, मग मॅप फाइल (कुठपर्यंत वाचलं याची नोंद), हा क्रम दोनदा तपासा, उलटा झाला तर कार्डावरच लिहिलं जाण्याचा धोका असतो. मॅप फाइल देऊन ठेवली की मधे थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. ६४ जीबीच्या कार्डाची इमेज ६४ जीबीचीच होणार, फोटो दहा असले तरी, म्हणून हार्डडिस्कवर जागा करून ठेवा.

मग त्या इमेजवर फोटोरेक हे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा, हे पण फुकट. ते फोल्डर वगैरे बघत नाही, जेपीजी किंवा रॉ फाइलची सुरुवात ओळखून फोटो उचलतं, त्यामुळे जुनी नावं जातात, पण तारीख फोटोच्या आतच असते, त्यावरून लावून घ्या. मोठे व्हिडिओ मात्र तुकड्यांत साठलेले असतील तर अर्धवट निघतात.

कार्ड दिसतच नसेल किंवा साइज शून्य दाखवत असेल तर सॉफ्टवेअरचा काही उपयोग नाही, डेटा रिकव्हरी लॅबच गाठा, आधी अंदाजे खर्च विचारा. आणि कार्ड फोनमध्ये इंटरनल स्टोरेज म्हणून लावलेलं असेल तर त्यातलं सगळं एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतं, चावी त्याच फोनमध्ये, म्हणून फोन अजिबात रीसेट करू नका.