पेरॉक्साइड घातलं, तरी यीस्ट मेलंच नाही

एमएस्सीच्या प्रोजेक्टला 'यीस्ट आणि ऑक्सिडेटिव्ह ताण' (पेरॉक्साइडसारख्या ऑक्सिडीकारकांनी पेशींवर येणारा ताण) हा विषय मिळाला, तेव्हा मालवणला घरी आजोबांना सांगितलं, सकाळच्या गोड नीरेची दुपारी माडी करतात ना, त्या जिवांवर काम करतेय. "म्हणजे सोऱ्याचा शिक्षण काय गो?" इति आजोबा.

पहिला प्रयोग जुलैतला. रात्रभर लाइट येत-जात होती, म्हणून सकाळी वापरायचं कल्चर (द्रवात वाढवलेलं यीस्ट) मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वापरलं. २ मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, प्लेटवर थेंब ठेवले. सगळे उगवले! मी खूश. मॅडमनी एकच विचारलं, "ओडी किती होता?"

ओडी म्हणजे कल्चरचा गढूळपणा, त्यावरून पेशी किती दाट झाल्या ते कळतं. मी घेतलाच नव्हता. इथेच नवखे फसतात. ०.३ ते ०.५ ओडीच्या, भराभर वाढणाऱ्या पेशी नाजूक असतात. ग्लुकोज संपलं की त्या श्वसनावर येतात, वाढ थांबवतात, कॅटलेज (पेरॉक्साइड तोडणारं विकर) आणि ट्रेहॅलोज (पेशीला जपणारी साखर) साठवतात. माझ्या पेशी आधीच चिलखत घालून बसल्या होत्या. बाटलीवरही विश्वास नको, पेरॉक्साइड पडून पडून विघटित होतं. २४० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण बघून ते मोजून घ्या.

खरी गंमत जुळवून घेण्यात आहे. यॅप१ हे बचावाची जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि सीआरएम१ हे दुसरं प्रथिन त्याला सारखं बाहेर काढतं. पेरॉक्साइड आलं की त्याची पहिली धग जीपीएक्स३ या पेरॉक्साइड ओळखणाऱ्या प्रथिनाला लागते. त्याचं ऑक्सिडीकृत सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) यॅप१च्या सिस्टीनला जोडलं जातं, मग यॅप१च्या आतच दोन सिस्टीनमध्ये डायसल्फाइड बंध बनतो आणि बाहेर काढायची खूण झाकली जाते. यॅप१ आत अडकतं आणि थायोरेडॉक्सिन, ग्लुटाथायोन या ऑक्सिडेशन उलटवणाऱ्या रेणूंची जनुकं चालू करतं. पुढे तेच थायोरेडॉक्सिन हा बंध तोडतं, म्हणजे स्विच बंद करणाराही स्विचनेच बोलावलेला! स्ट्रेन (यीस्टचा वाण) मागताना मात्र नाव नीट विचारा. डब्ल्यू३०३ या स्ट्रेनमध्ये जीपीएक्स३ला या कामात लागणारं वायबीपी१ हे प्रथिन बिघडलेलं असल्याने हे काम जीपीएक्स३ऐवजी टीएसए१ हे प्रथिन करतं. माझ्याकडे तोच होता, आणि मी उगाच आठवडाभर जीपीएक्स३ काढलेल्या पेशींवर डोकं फोडलं.

श्रावणात पुन्हा केलं. ०.४ ओडी, अर्ध्या पेशींना तासभर ०.२ मिलिमोलरची सवय, मग सगळ्यांना २. प्लेटच्या एका कडेला हिरवी बुरशी आलीच (पावसात पॅराफिल्म न लावल्याचं फळ), पण मधे स्पष्ट दिसत होतं: सवय दिलेल्या ओळीत चौथ्या डायल्यूशनपर्यंत (प्रत्येक पुढचा थेंब आधीपेक्षा पातळ केलेला) वसाहती, शेजारच्या ओळीत दुसऱ्यानंतर कोरं अगार.